दहापैकी दहा

९ जानेवारी

वहिनी,

मायना काय घालावा यावर बराच वेळ गेला. 'तीर्थस्वरूप' लिहिलं असतं तर तुम्ही हसला असतात, आणि काही गोड लिहिलं असतं तर पुढे न वाचता पाकीट ठेवून दिलं असतंत. म्हणून नुसतंच वहिनी. तेवढं एक नातं माझ्याच्याने मोडलं गेलं नाही, बाकीची मोडतोड करून झाली आहे.

पत्र बघून घाबरू नका. कुणाला काही झालेलं नाही. तुमची धाकटी जाऊ ठणठणीत आहे, माझ्यावर ओरडण्याइतका आवाज शाबूत आहे. फोन केला असता, पण तुम्ही उचलला नसतात तर वाईट वाटलं असतं, आणि उचलला असतात तर मला बोलता आलं नसतं. तोंडाने मी काय बोलतो याचा तुम्हाला अनुभव आहेच. लिहिताना निदान खोडता येतं.

गोष्ट अशी झाली. परवा एका नऊ मजली इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटरच्या खोलीत काम करत होतो. हात तेलाने बरबटलेले, आणि फोन वाजला. एक बाई. शांत, समजुतीचा आवाज. म्हणाल्या, "अकरा वर्षांपूर्वी तुम्ही मूळपेशी दान करण्यासाठी नाव नोंदवलं होतं. आठवतं का?" मी म्हटलं, "नाही हो, चुकीचा नंबर लागला." त्यांनी माझं नाव, जन्मतारीख सगळं बरोबर सांगितलं. मग आठवलं.

तुम्हालाही आठवेल. दादाच्या ऑफिसातली कँटीन, टेबलं भिंतीला सरकवलेली. दादाच्या रक्ताच्या आजारात घरातल्या कुणाच्याच मूळपेशी त्याच्याशी पुरत्या जुळल्या नाहीत, तेव्हा तुम्ही ते शिबिर भरवलं होतंत. आपल्यासारख्याच कुणाचं तरी जुळेल म्हणून ओळखीपाळखीच्या सगळ्यांना ओढून आणलंत. प्रत्येकाच्या हातात कापसाची काडी, ती गालाच्या आतून फिरवायची आणि पाकिटात घालायची. मी दारात उभा होतो. म्हटलं, माझं तपासून झालंय, दादाच्या उपयोगाचा नाही मी, मला कशाला? तर तुम्ही काडी माझ्या हातात कोंबून म्हणालात, "भाऊजी, तोंड उघडा. तुमच्या दादांना नाही तर नाही, दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडाल. एरवी तुमचं तोंड कुठल्या चांगल्या कामाला येतं?" सगळी रांग हसली. मी ते दादाला वॉर्डात जाऊन सांगितलं तेव्हा तोही ठसका लागेपर्यंत हसला.

ती काडी कुणाशी तरी जुळते आहे, वहिनी.

कोण, कुठला, बाई की पुरुष, काही सांगत नाहीत. एक पेशंट आहे, एवढंच. जुळण्याची शक्यता दिसते, अजून रक्त तपासून खात्री करायची आहे. "तुमची तयारी आहे का? विचार करायला वेळ घ्या, घरी बोला," असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "वेळ नको. हो." "निदान घरी तरी विचारा." "विचारलं समजा." मग त्यांनी तब्येतीची चौकशी केली. साखर आहे का, कावीळ झाली होती का, छातीत दुखतं का, जिना चढताना दम लागतो का. मी मोटरच्या घरघरीत ओरडून सगळ्याला नाही, नाही, नाही म्हणत गेलो. बाई शेवटी म्हणाल्या, "तुम्ही तर अगदी ठणठणीत दिसता." मी म्हटलं, "लिफ्टवाला आहे, वरखाली करून शरीर टणक झालंय."

खरं तर हल्ली मी शेजारच्या चालू लिफ्टने वर जातो. जिने सोडले. सत्तेचाळीस म्हणजे काही कोवळं वय नव्हे.

उत्तराची अपेक्षा नाही. दादाच्या खारूताईला माझा आशीर्वाद, तिला चालणार असेल तर. ती नोकरीला लागली हे उडत उडत कानावर आलं.

तुमचा, अजून म्हणत असाल तर,
भाऊजी


२ फेब्रुवारी

वहिनी,

उत्तराची अपेक्षा नाही असं लिहिलं होतं, ते खोटं होतं हे तुम्ही ओळखलं असेलच. रोज कामावरून आलो की पत्रांच्या पेटीत हात घालून बघतो. विजेची बिलं आणि कुणाच्या तरी गाद्यांची जाहिरात. असो. तुम्हाला अकरा वर्षं मी एक ओळ लिहिली नाही, तुम्ही तीन आठवडे थांबवलंत तर तक्रार कसली.

तीन आठवडे. बघा, तेच आलं लेखणीतून.

आधी बातमी सांगतो. रक्त देऊन आलो होतो, त्याचा निकाल लागला. दहापैकी दहा.

फोनवरच्या बाईंनी मला परत एकदा सगळं समजावलं, आणि मी परत एकदा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं. प्रत्येकाच्या पेशींवर ओळखीच्या खुणा असतात. अर्ध्या आईकडून, अर्ध्या बापाकडून. त्यांतल्या दहा खुणा बघतात. शरीर त्या खुणांवरून आपलं कोण, परकं कोण ते ठरवतं. भावाभावांत सगळ्या जुळतील याची शक्यता चारात एक. दादाच्या आणि माझ्या आईकडून आलेल्या पाच जुळल्या, बाबांकडून आलेल्या पाच चुकल्या. आमच्या बाबांनी आयुष्यभर दोघांना सारख्या पँटी शिवल्या, एकाला नवी वही तर दुसऱ्यालाही नवी वही, आणि जिथे सारखं द्यायला हवं होतं तिथे एकाला एक दिलं आणि दुसऱ्याला दुसरं. हल्ली म्हणे अर्ध्या जुळणीवरही करतात. तेव्हा आपल्या डॉक्टरांनी नको म्हटलं होतं.

तर सख्ख्या भावाशी पाच, आणि ज्याचं तोंडही कधी पाहणार नाही त्याच्याशी दहा. मला हसावं की रडावं कळेना. धाकटीने चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, "अहो, कुठेतरी तुमचा जुळा हिंडतोय म्हणायचा. त्याची बायको काय सोसत असेल."

मी मात्र त्याची बायको डोळ्यांपुढे आणतो तेव्हा ती तुमच्यासारखी दिसते. वॉर्डाबाहेरच्या त्या निळ्या खुर्च्या. त्यातली कोपऱ्यातली डगडगणारी, जिच्यावर तुम्हीच बसायचात, कारण दुसऱ्या कुणी बसलं तर पडेल. दादासाठी परका डोनर सापडला हे कळलं तेव्हा तुम्ही त्याच खुर्चीवर होतात. आई म्हणाली, "कुणाच्या पोटचा देवमाणूस असेल गं." आणि नंतर दुसरा निरोप आला. तीन शब्द. डोनर उपलब्ध नाही. तेव्हापासून आईने त्याच देवमाणसाच्या नावाने बोटं मोडायला सुरुवात केली. वाटाणे सोलताना, कपडे घडी करताना, कुठेही. "तोंडातला घास काढून घेतला मेल्याने, त्याचं कधी भलं व्हायचं नाही." जाईपर्यंत मोडत होती.

आणि मी काय केलं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. खारूताईची परीक्षा संपेपर्यंत तारीख पुढे ढकला, असं तुम्ही डॉक्टरांना म्हणाला होतात. तीन आठवडे. डॉक्टर चालेल म्हणाले होते. दादा गेल्यावर त्याच खुर्चीसमोर, सगळ्यांदेखत, पोरगी तुमच्या कुशीत असताना मी म्हटलं, "तीन आठवडे वाट बघायला लावली, म्हणून तो माणूस पळाला. मार्कांसाठी नवरा घालवलात." खारूताईने मान वर करून माझ्याकडे बघितलं होतं. सोळा वर्षांची पोर. तिच्या परीक्षेपायी हे झालं असं मी तिलाच ऐकवलं, हे मला घरी पोचल्यावर कळलं. तेव्हाच उलट फिरून यायला हवं होतं.

म्हणून यावेळी मी पळणार नाही. तुम्हाला हे कळावं, एवढ्यासाठीच ही पत्रं. जो आपल्याला मिळाला नाही, तो कुणाला तरी मिळेल.

धाकटी म्हणते, डॉक्टरांना सांगा तुम्हाला हल्ली धाप लागते. पोट सुटलंय, दुसरं काय. बायकांना काळजी करायला निमित्त लागतं. तुम्ही यातून वगळलेल्या आहात, काळजी करण्याचा हक्क तुमचा मोठा आहे.

भाऊजी


२१ फेब्रुवारी

वहिनी,

पुडकं मिळालं.

धाकटीने कात्री आणेपर्यंत मला धीर नव्हता, दातांनीच दोरा तोडला. आत मोजे. दादाचे राखाडी लोकरी मोजे, टाचेला तुम्ही घातलेला तो निळ्या दोऱ्याचा रफू. आणि चार ओळी. "मशीनवर चार-पाच तास बसावं लागतं. दोन्ही हातांत सुया असतात, हलता येत नाही. पाय फार गार पडतात असं ऐकलं आहे. हे घाला. पाणी भरपूर प्या."

खाली नाव नाही, वर मायना नाही. चार ओळी मी किती वेळा वाचल्या ते सांगत नाही, धाकटी चिडवते आहे तेवढं पुरे. "प्रेमपत्र आल्यासारखं करताय," म्हणाली आणि मग स्वतःच पदराने डोळे पुसले. तुम्ही हे सगळं कधी वाचून ठेवलंत, डोनरला काय होतं, कुठे गार पडतं? त्या दिवसांतच वाचलं असणार. जो आला नाही त्याच्यासाठी तुम्ही मोजे काढून ठेवले होतेत की काय, असं मनात आलं. नसेल तसं. पण तुम्ही ठेवलेही असतील.

आता सगळं ठरलं आहे. पुढच्या आठवड्यात माझी संपूर्ण तपासणी. मग पाच दिवस रोज एक इंजेक्शन, त्याने मूळपेशी वाढून रक्तात उतरतात. अंग मोडून येतं म्हणे, ताप आल्यासारखं. मग ते मशीन. एका हातातून रक्त जातं, मशीन त्यातल्या पाहिजेत त्या पेशी काढून घेतं, उरलेलं दुसऱ्या हातातून परत. कामावर आठवड्याची रजा सांगितली. मुकादम म्हणाला, "रक्त द्यायला आठवडा? माझा मेव्हणा अर्ध्या तासात देऊन बिस्किट खाऊन आला." मी म्हटलं, तुझ्या मेव्हण्याचं रक्त बिस्किटाच्याच लायकीचं.

सगळ्यांना सांगत सुटलोय, वहिनी. इतकं बरं मला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं. तिकडे कुठेतरी त्या घरी निरोप पोचला असेल. डोनर मिळाला, तयार आहे, तारीख ठरली. कुणीतरी म्हातारी मला देवमाणूस म्हणत असेल. अकरा वर्षांत मला देवमाणूस म्हणणारं हे पहिलंच घर.

तब्येतीला जपतो आहे. सिगारेट बंद. जड सामान दुसऱ्याला उचलायला सांगतो. जिन्याचं तर नावच नाही. काल एका इमारतीत दोन्ही लिफ्ट बंद होत्या, तर चौथ्या मजल्यावर पायरीवर बसून घेतलं जरा. एक आजोबा पिशवी घेऊन मागून आले आणि मला ओलांडून वर गेले. "बसा, बसा," म्हणाले, "तुमच्या वयात मीही दमायचो." चांगले विनोदी गृहस्थ होते. तपासणी होईपर्यंत विश्रांती घेईन, म्हणजे सगळं नीट येईल.

मोजे मी कपाटात वरच ठेवले आहेत. त्या दिवशीच घालणार.

तुमचा
भाऊजी


१ मार्च

वहिनी,

मला नापास केलं.

आज जास्त लिहवत नाही. छातीचा आलेख काढला, तो बघून डॉक्टरीणबाईंनी आणखी एक तपासणी लावली, पडद्यावर हृदय दिसतं ती. माझं हृदय मोठं झालं आहे आणि जेवढं दाबायला हवं तेवढं ते दाबत नाही. इंजेक्शनं देता येणार नाहीत, मशीनवर बसवता येणार नाही. दादा मला कोत्या मनाचा म्हणायचा, तो असता तर या मोठ्या हृदयावर पोट धरून हसला असता.

मी म्हटलं, माझी जबाबदारी, लिहून देतो, काय व्हायचं ते होवो. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

तुमचे मोजे पिशवीत होते. आधीच दाखवायला नेले होते, वेड्यासारखे.


१४ मार्च

वहिनी,

तुम्ही धाकटीला फोन केलात हे तिने सांगितलं. माझ्या औषधांची नावं विचारून घेतलीत म्हणे, आणि "भाऊजींना मीठ कमी द्या" असं दोनदा बजावलंत. मी शेजारच्या खोलीतच होतो. तिने फोन पुढे केला आणि मी हाताने नको म्हटलं. तुमचा आवाज लांबून ऐकू येत होता, तेवढाच झेपला.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. खरं म्हणजे पहिल्या पत्रापासून लिहिली नाही, जरी कडेकडेने ती सगळीकडे सांडली आहे आणि तुमच्यासारख्या माणसाला ती दिसली असणार. दिसूनच तुम्ही मोजे पाठवलेत का, आणि खाली नाव का घातलं नाहीत, ते मला ठाऊक नाही.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "जिना चढताना दम लागतो?" मी म्हटलं, "लागतो." "कधीपासून?" "वर्ष होईल." त्यांनी पेन खाली ठेवलं. "फोनवर तुम्हाला हेच विचारलं होतं ना?" "विचारलं होतं." "मग नाही का म्हणालात?"

मी म्हटलं, "मला द्यायचं होतं."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "तुम्हाला द्यायचं होतं हे दिसतंय. पण त्याच दिवशी खरं सांगितलं असतंत तर त्याच आठवड्यात हृदय तपासलं असतं. तिकडे ते लोक तुमच्यावर विसंबून बसले. तुम्ही दहापैकी दहा, म्हणून बाकी शोध थांबवला."

धाकटीने घरी आल्यावर मला जेवायला वाढलं, आणि मी जेवत असताना म्हणाली, "लिफ्टचा आवाज जरा बदलला की तुम्हाला रस्त्यावरून ऐकू येतो. मी वर्षभर शेजारी झोपून तुमची धाप ऐकते. तुम्हाला नाही ऐकू आली?" आली होती, वहिनी. माझ्याच धंद्यात आम्ही काय करतो? आवाज आला की आधी लिफ्ट थांबवायची, पाटी लावायची, आणि मग शोधायचं. लोक शिव्या देत जिने चढतात, चढू द्यायचं. माणसं बसवून 'बघू जाईल तोवर' असं कधी करायचं नाही. पंचवीस वर्षं मी हे नवशिक्यांना शिकवतो. आणि स्वतः आवाज करत असताना एका आजारी माणसाला आत बसवलं.

कारण मला तो व्हायचं होतं जो पळाला नाही. पेशंटचं भलं हे नंतरचं. आधी मला तुमच्यापुढे येऊन उभं राहायचं होतं, की बघा. माझा होकार इतका घाईचा होता की त्यात त्या माणसाला जागाच उरली नाही.

परवा फोनवरच्या बाईंना मी जाऊन भेटलो. त्यांचं ऑफिस म्हणजे तीन टेबलं, एक कुंडी आणि भरपूर फोन. आवाजावरून मला वाटलं होतं पन्नाशीच्या असतील, तर आपल्या खारूताईएवढी मुलगी निघाली. तिने मला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि लिफ्ट बंद असतानाही वर आलात म्हणून झापलं. मी विचारलं, आता त्यांचं काय? म्हणाली, नऊ खुणा जुळणारा आणखी एक आहे. तुम्ही दहा होतात म्हणून त्याला विचारलंच नव्हतं. आता विचारलं आहे, तो विचार करतोय. नाहीतर घरातल्या कुणाच्या अर्ध्या जुळणीवर करतील. पेशंटची तब्येत तेवढे दिवस टिकली पाहिजे. टिकली आहे का ते तिला सांगता येत नाही, आणि पुढे काय झालं तेही कधी सांगता येणार नाही.

मी म्हटलं, "एक काम करा. त्यांना एवढंच कळवा की मी नकार दिला नाही. माझं हृदय बिघडलंय म्हणून झालं. एक ओळ."

ती म्हणाली, "काका, तसं नाही कळवत. कारण सांगायचंच नसतं, कुठलंही. आज तुमचं सांगितलं, तर उद्या ज्याने खरंच नको म्हटलं त्याचं काय सांगणार? नको म्हणायचा हक्क प्रत्येकाला असतो. मग कारण न कळवलेलंच बरं."

"मग त्यांना काय कळवलंत?"

तिने सांगायच्या आधीच मला माहीत होतं. तुम्हालाही माहीत आहे.

मी तिला दादाबद्दल सांगितलं. विचारलं, अकरा वर्षांपूर्वीचा तो डोनर का उपलब्ध नव्हता ते सापडेल का? नाही सापडणार, आणि सापडलं तरी ती सांगणार नाही. पण इतकं म्हणाली की असे जे गळतात त्यांतले कितीतरी तपासणीत गळतात. कुणाचं हृदय, कुणाचं यकृत, कुणाला दिवस गेलेले असतात. काही तर धाय मोकलून रडतात तिच्या टेबलाशी. "आणि तारीख तीन आठवडे पुढे गेली म्हणून कुणी पळतं का?" मी विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "तारखा तर नेहमीच पुढे-मागे होतात. डोनर स्वतःच रजेसाठी पुढे मागून घेतात."

जिन्याच्या तोंडाशी एक बाक आहे तिथे मी बसलो. दंडावर तपासणीतल्या सुयांचे डाग अजून हिरवे होते. आणि मला तो दिसला, वहिनी. आपला पळपुटा. अशाच एका बाकावर, दंडावर कापूस दाबून, कुणाला तरी सांगतोय की त्यांना कळवा हो, मी नाही म्हटलं नाही. आणि कुणीतरी त्याला सांगतंय की तसं नाही कळवत. आई त्याच्या नावाने बोटं मोडत गेली, मी शिव्या देत राहिलो, आणि तो कदाचित वर्षभरात स्वतःच गेला असेल. किंवा खरंच घाबरून पळालाही असेल. आपल्याला कधी कळणार नाही.

पण तीन आठवड्यांमुळे पळाला, हे मी कुठून आणलं? कुणीच सांगितलं नव्हतं. मी ते घरी बनवलं. त्याला शिव्या देऊन माझं भागेना, कारण तो समोर नव्हता. तुम्ही समोर होतात.

आज कुठल्यातरी वॉर्डाबाहेर कुणी माझ्या नावाने बोटं मोडत असेल. मोडू दे, माझ्या बाबतीत त्यात थोडं खरं आहे. मला भीती वेगळी वाटते. तिथेही एखादा दीर असेल. माझं नाव-गाव त्याला कळणार नाही, आणि मग तो आजूबाजूला बघेल. कुणी म्हणालं होतं का की तारीख पुढे घ्या, कुणी म्हणालं होतं का की दुसऱ्या डॉक्टरांना विचारू. त्याला कुणीतरी सापडेलच, आणि तो बोलेल. तो बोलायच्या आधी त्याला गाठून थांबवावं असं वाटतं, आणि मला त्या घराचा पत्ता नाही.

धाकटी म्हणते, हात दाखवून अवलक्षण. मग लगेच म्हणते, बरं झालं दाखवला ते. हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं की आणखी वर्षभर असंच चालवलं असतं तर कुठल्यातरी मोटरच्या खोलीत आडवा सापडलो असतो. आता गोळ्यांवर बरीच वर्षं निघतील. म्हणजे बघा, ज्याला मी वाचवायला निघालो होतो त्याच्यामुळे मीच वाचलो, आणि त्याचे मात्र मी दिवस खाल्ले. हे मला कुणाजवळ फेडता येणार नाही. तुम्ही म्हणाल, पाणी प्या आणि गोळ्या वेळेवर घ्या. घेतो.

खारूताईला हे पत्र वाचू द्या, असं मी म्हणू शकत नाही. पण कधी विचारलंच तिने, तर तिला सांगा की काकाने चौकशी करून आणली आहे, तिची परीक्षा मधे कुठेच येत नाही. सोळा वर्षांची होती ती. हे मी तिला तोंडाने सांगायला हवं, आणि तिने येऊ दिलं तर येईन, जिने किती का असेनात.

मोजे परत पाठवत नाही. घालून बसलो आहे.

त्या घराला मला लिहिता येत नाही. तुम्हाला लिहू शकतो. आणि असं एक पत्र अकरा वर्षांपूर्वी तुम्हाला यायला हवं होतं, त्या डगडगणाऱ्या खुर्चीवर, ते तीन शब्द आले त्याच दिवशी. त्याला लिहू दिलं नसेल. त्याचं खरं कारण मला माहीत नाही, तरी त्याच्या जागेवर बसून आलेला तुमच्या ओळखीचा मी एकटाच आहे, म्हणून त्याच्या वतीने मी लिहितो. जसं त्याने लिहिलं असतं तसं, कुणाचं नाव न घालता.

बाई, तुमच्याकडून उशीर झाला नाही. मी नको म्हटलं नव्हतं. मला यायचं होतं.